सावलीतलं वाळवण

महाराष्ट्रात वाळवणाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. ज्यानं जन्मात पापड लाटलेला नाही, कुरडयांचा सोऱ्या हातात धरलेला नाही, तोसुद्धा शेजारच्या गच्चीवर पसरलेल्या चादरीकडे बघून ‘अजून एक ऊन लागेल’ असं न विचारता सांगतो. मिरच्यांना किती उन्हं, सांडग्यांना किती, आमसुलांना रस पाजत पाजत किती, याचे आकडे प्रत्येक घराचे वेगळे आणि प्रत्येक घराला आपले खरे वाटणारे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असतं: जे वाळवायचं ते उन्हात टाकायचं, चांगलं कडकडीत होऊ द्यायचं आणि अधूनमधून उलटायचं.

अशा लोकांत राहून आमच्या मामांनी सावलीत वाळवण घातलं. तेही फणसाचं. गऱ्यांचं नव्हे, खोडाचं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या बागा आडव्या करून गेलं. मामांच्या परड्यातला जुना फणस त्यात मुळासकट उपटला. पडताना त्यानं घर चुकवलं, गोठा चुकवला आणि नेमका संडासाच्या पत्र्यावर हात ठेवला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं नारळ मोजले, पोफळी मोजल्या आणि फणसापाशी येऊन हळहळून विचारलं, “कापा होता की बरका?” त्याच्या कागदावर असा रकाना नव्हता. पण कोकणात फणसाच्या मयताला आलेल्या माणसानं एवढी चौकशी केलीच पाहिजे.

गावाचं मत सरळ होतं. खोड फोडायचं, सरपण करायचं. मामांना ते पटेना. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांना वाचायला वेळ होता. फणसाच्या लाकडाचा मृदंगम होतो, दक्षिणेत त्याची वीणा होते, श्रीलंका आणि थायलंडमधले बौद्ध भिक्षू फणसाच्या गाभ्याचे तुकडे उकळून त्या रंगात चीवरं रंगवायचे, असं सगळं त्यांनी मामींना एका दमात सांगितलं. मामींनी शांतपणे विचारलं, “मग आपण यातलं काय व्हायचंय? वादक की भिक्षू?”

वादळानंतर कितीतरी दिवस दापोलीच्या खेड्यापाड्यांत वीज नव्हती. वीज आली तेव्हा पावसाळा आला होता. त्यामुळे ओंडका पावसाळाभर चिऱ्यांवर पडून राहिला. बाहेरचा पांढरा भाग किड्यांनी आनंदानं खाल्ला. आतल्या पिवळ्या गाभ्याला मात्र कुणाचा दात लागला नाही. दिवाळी झाल्यावर मामांनी तो टेम्पोत घालून सॉ मिलवर नेला. तिथल्या माणसानं “किती इंची पाडू?” एवढाच प्रश्न विचारला आणि मामांनी “दीड” म्हटलं. या एका शब्दात आपण पुढची किती वर्षं मोजून दिली, हे त्यांना माहीत होतं. जुनी माणसं जाडीच्या इंचाला एक वर्ष धरतात. हा हिशेब ढोबळ आहे, लाकूड आणि हवा बदलली की तोही बदलतो. पण घरच्यांना सांगण्याच्या दृष्टीनं फारच वाईट आहे, म्हणून मामांनी तो कुणाला सांगितला नाही.

ताज्या चिरलेल्या फणसाच्या फळीचा पिवळा रंग ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून पटायचा नाही. पुढे हवा लागून तो तांबूस, मग तपकिरी होतो, पण पहिल्या दिवशी तो डोळ्यांत भरतो आणि कपड्यांवर बसतो. मामांचा एक लेंगा अजून त्या दिवसाची साक्ष देत दांडीवर असतो.

आता थोडं पाण्याविषयी बोलायला हवं, कारण लाकूड वाळवायचं म्हणजे त्यातलं पाणी घालवायचं आणि ते पाणी एकाच जातीचं नसतं. एक पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं असतं. ते आधी जातं. ते जाताना फळी हलकी होते, बाकी तिला काही होत नाही. दुसरं पाणी पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की हे दुसरं पाणी निघायला लागतं आणि फळीची खरी नाटकं तिथून सुरू होतात. ती आकसते. बरं, सगळीकडून सारखी आकसावी, तर तेही नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीत पडतो आणि वर्तुळांच्या अंगानं तो गाभ्याकडच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट असतो. म्हणून फळीला बाक येतो, पीळ पडतो, कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात.

लाकडातला ओलावा मोजायची रीतही न्यारी. पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन. त्यामुळे ताज्या तोडलेल्या काही लाकडांत ओलावा शंभर टक्क्यांच्याही वर भरतो. मामांनी हे दूधवाल्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर फणसाच्या झाडाविषयी प्रथमच आदर दिसला.

थप्पी लावण्याचा दिवस मी डोळ्यांनी पाहिला. जागा मागच्या पडवीत. खाली जांभ्याचे चिरे, जमिनीपासून हात-दीड हात उंच, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहावीत. चिऱ्यांवर तीन वासे. मामांनी वाशांवर पाणसळ ठेवली, एका डोळ्यानं पाहिली, एका चिऱ्याखाली कौलाचा तुकडा सरकवला, पुन्हा पाहिली, तुकडा काढला, त्याच तुकड्याचा अर्धा तुकडा घातला. असं ते सकाळी सुरू झालं आणि पहिली फळी जागेवर पडली तेव्हा मामी जेवायला वाढून पुन्हा झाकून गेल्या होत्या. पण यात मामांचं काही चुकत नव्हतं. खालचा पाया वाकडा असेल तर वरची प्रत्येक फळी तो वाकडेपणा मुकाट शिकते आणि वाळली की आयुष्यभर विसरत नाही.

फळीवर फळी थेट ठेवायची नसते. मधे रिपा घालायच्या, इंचभर जाडीच्या, सगळ्या सारख्या आणि स्वतः वाळलेल्या. ओली रीप घातली तर फळीवर तिचा डाग उमटतो. दर दीड-दोन फुटांवर एक. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक थरातली रीप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर यायला हवी. तसं झालं तर वरचं वजन सरळ खाली चिऱ्यात जातं, नाहीतर ते मधल्या फळीच्या पोटात बसतं. मामांनी त्यासाठी ओळंबा लावला. त्यांच्या घराच्या भिंतींना तो लागला असता तर बरं झालं असतं, असं तिथून जाणारे गवंडी म्हणाले. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मामांनी उरलेला ऑइलपेंट थापला, कारण टोकांकडून पाणी फार झपाट्यानं पळतं आणि भेग तिथूनच आत शिरते. ज्यांच्याकडे रंग नसतो ते डांबर लावतात, मेण लावतात, काही जण शेणही लिंपतात. सगळ्यात वर एक जुना पत्रा, त्यावर चिऱ्यांचं वजन. बाजू चारही मोकळ्या, वारा आरपार जायला हवा. उन्हाची तिरीप येत होती तिथे गोणपाट.

“ऊन अडवताय?” मामींनी विचारलं.

“अगं, ऊन नको आहे त्याला.”

“सावलीत वाळतं त्याला वाळवण म्हणत नाहीत. कुजणं म्हणतात.”

मामींचा शब्द वाळवणाच्या बाबतीत आमच्या घराण्यात शेवटचा मानला जातो. त्यांच्या फणसपोळीला बुरशी आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मामांनी समजावलं की कडक उन्हात फळीचा वरचा थर पटकन वाळतो, आकसायला बघतो, आतला थर ओला असल्यामुळे हलत नाही, मग वरचा फाटतो. मामींनी वाद घातला नाही. थप्पीतून उरलेला एक आखूड तुकडा त्यांनी उचलला आणि खळ्यात, आमसुलांच्या शेजारी, भर उन्हात ठेवला. काही दिवसांत तो असा तडकला की भेगेतून पलीकडचं दिसावं. मामांनी तो विजयी मुद्रेनं दाखवला. मामी म्हणाल्या, “भेग पडली खरी. पण वाळला ना?”

यावर उत्तर नाही. शास्त्रालाही नाही.

गावातल्या बाकीच्यांनीही आपापला वाटा उचलला. एक जण म्हणाला, झाड अमावस्येला पडलं असतं तर कीड लागली नसती. जणू वादळाला पंचांग बघून यायला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्याने फळ्या तळीत बुडवायला सांगितलं. हा सल्ला तसा वेडा नाही. ओंडके आणि बांबू पाण्यात मुरवून त्यातला गोडसर रस धुवून काढायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, कीड त्याच रसापायी येते. पण वाळवायच्या गोष्टीची सुरुवात बुडवण्यापासून करायची हे मामींसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. ब्रह्मदेशात इंग्रजांच्या काळात सागाच्या बुंध्याला कडं कोरून झाड उभ्या उभ्या तीन वर्षं वाळवायचे, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही आणि नदीतून खाली आणता येत नाही, हेही मामांनी सगळ्यांना सांगून झालं. त्यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “म्हणजे साहेबाला घाई नव्हती.”

इथवर सगळं ठीक होतं. खरा प्रश्न वेगळाच निघाला. मराठी घरात कुठलाही सपाट, कमरेएवढ्या उंचीचा पृष्ठभाग फार काळ रिकामा राहू शकत नाही. फ्रिजचं डोकं पाहा, शिवणयंत्र पाहा, पाहुणा नसताना पाहुण्यांची खाट पाहा. थप्पीवरचा पत्रा आठवडाभर मोकळा राहिला, तोही मामा घरी होते म्हणून. मग एक सूप आलं. सुपात सुकी खारीक होती, ती थोडाच वेळ राहणार होती. सुपाच्या शेजारी रद्दी आली. रद्दीवर वजन म्हणून नारळ आले. नारळ आले म्हणून कोयता आला. बाजूंच्या फटींत, जिथून वारा जायचा, तिथे कुणी चपला सरकवल्या, कुणी दुकानाची बिलं. मांजरानं तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मधे पिल्लं घालायचा प्रयत्न केला. जागा इंचभर उंच असल्यामुळे तो बारगळला आणि ते रागानं माळ्यावर गेलं. शेवटी मामांनी खडूनं पत्र्यावर लिहिलं, ‘लाकूड वाळत आहे.’ पोस्टातलं अक्षर, लांबून वाचता येणारं. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘बरं.’

पण कळस केला तो पाहुण्यांनी. पावसाची पहिली सर आली की मागच्या दारानं येणारा प्रत्येक माणूस ओली छत्री झटकायचा आणि वाळत घातलेल्या लाकडावर ठेवायचा. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. छत्री वाळायला हवी, आणि इथे वाळवण चाललंय, एवढं सरळ गणित. मामांनी दारात खुंटी ठोकली. तिच्यावर मामींनी पंचे टाकले.

गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले तेव्हा मात्र मामांना पहिल्यांदा मनुष्यबळाचा उपयोग दिसला. थप्पीवर वजन जितकं सारखं पसरेल तितकं चांगलं. आरतीनंतर मंडळी पत्र्यावर बसू लागली तशी मामा त्यांना जागा नेमून देऊ लागले. “तू टोकाला बस. तू नको मधे, मधे आधीच चिरे आहेत. हा बारीक आहे, याच्या शेजारी वहिनींना बसवा.” वहिनी पुढचे दोन दिवस मामांशी बोलल्या नाहीत.

मुंबईच्या भाच्यानं येताना लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. दोन सुया लाकडात टोचायच्या आणि पडद्यावर आकडा बघायचा. यंत्र चांगलं असतं, पण सुया जेवढ्या आत जातील तेवढ्याचंच ते बोलतं, आणि बाहेरून वाळलेली फळी आतून ओली असू शकते. भाच्याला ही बारकाई रुचली नाही. त्यानं फळ्यांना टोचलं, मग दाराला, मग देवाच्या पाटाला, मग मामींच्या नाचणीच्या पापडाला. पापडाचा आकडा सगळ्यांत कमी आला. मामींनी तो ऐकला आणि काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांनी भाच्याला दोन मोदक जास्त वाढले.

मामांचा स्वतःचा विश्वास ताणकाट्यावर. थप्पीत एक नमुन्याचा तुकडा सैल ठेवलेला असतो. तो ठरावीक दिवसांनी काढून तोलायचा आणि वजन लिहून ठेवायचं. वजन उतरत गेलं म्हणजे पाणी जातंय, उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड आणि हवा यांचं आपसांत जमलं. थंडीत वजन उतरलं. उन्हाळ्यात अजून उतरलं. मामा खूश होते. मग मृग लागला आणि आकडे वर चढू लागले. याला इलाज नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते, तिथे लाकूड १८ ते २० टक्के ओलावा धरून बसणारच, मग तुम्ही त्याला कितीही वाळवलेलं असो. आपल्या घरांची दारं आषाढात अडतात आणि फाल्गुनात आपोआप उघडतात ती याच कारणानं. मामींनी मामांची वही चाळली आणि म्हणाल्या, “ह्या घरात राहून वजन वाढलं. सगळ्यांचंच वाढतं.”

ओंडक्याच्या अगदी मधोमध निघालेली, गाभ्याची नळी पोटात घेऊन आलेली फळी उभी फाटली. ती फाटणारच होती, असं सुतारकाका नंतर म्हणाले, तिच्या मोळ्या करायला हव्या होत्या. दोन फळ्यांना बाक आला. एका फळीच्या कडेला पांढरा भाग राहिला होता, तिथून पिठासारखा भुसा गळू लागला. त्या भागातल्या पिठूळ अन्नावर भुंगे जगतात. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी चिरल्याबरोबर लावलं असतं तर ते टळतं, आता ती कड तासून जाळण्याखेरीज उपाय नव्हता. बाकीच्या फळ्या मात्र सरळ राहिल्या. इतक्या सरळ, की मामा येईल त्याला एका टोकाला डोळा लावून बघायला लावायचे. माणसं भक्तिभावानं वाकायची, एक डोळा मिटायची आणि काय बघायचं ते न कळता “वा” म्हणायची.

सुतारकाका आले ते दुसरा पावसाळा संपल्यावर. हल्ली त्यांचं काम प्लायवूडचं, त्यामुळे अख्खी फळी पाहून त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्याबरोबरच्या पोरानं मात्र “माइका कुठला लावायचा?” असं विचारलं. काकांनी त्याला चहा आणायला पाठवलं. मग फळीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, नखानं ओरखडलं, वास घेतला, एक टोक उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. “भाऊ, हे इथे बसवायचं असेल तर आजच रंदा मारतो.”

पण ते तिथे बसवायचं नव्हतं. मामांना त्याचं जेवणाचं टेबल करून पुण्याला लेकीच्या घरी द्यायचं होतं. सुतारकाकांनी मान हलवली. कोकणच्या हवेत तयार झालेली फळी पुण्याच्या एप्रिलात गेली की पुन्हा वाळू लागते, सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरते, सांधे उघडतात, टेबलाच्या मधोमध फट पडते आणि सुताराच्या नावानं बोटं मोडली जातात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ मध्ये देशाचे हवेच्या आर्द्रतेवरून चार विभाग पाडलेत आणि कुठल्या विभागात कुठल्या कामाला किती ओलाव्याचं लाकूड चालेल ते दिलंय. सुतारकाकांनी ते वाचलेलं नाही. ते म्हणाले, “आधी फळ्या पाठवा. एक उन्हाळा पुण्यात काढू दे. मग मी येतो.”

म्हणून फळ्या आता सदाशिव पेठेत जावयाच्या दिवाणाखाली आहेत, मधे रिपा घालून. मामा फोन करतात तेव्हा आधी फळ्यांची चौकशी करतात, मग नातीची. आणि गंमत अशी की तिथे त्यांच्यावर कुणी काही ठेवत नाही. बिलं सरकवत नाही, चपला कोंबत नाही. झाडूसुद्धा बाजूनं फिरतो. कारण त्या घरात त्या फळ्या सासऱ्यांच्या आहेत.

तेव्हा तुमच्या परड्यात वादळानं एखादं झाड आडवं केलं, तर ते घाईनं सरपणाला देऊ नका. दिवाळीनंतर चिरून घ्या, म्हणजे कडक उन्हाळा यायच्या आधी थंडीची कोरडी हवा मिळते. टोकांना त्याच दिवशी रंग लावा. रिपा एकावर एक येऊ द्या. आणि कुणी विचारलं तर फळ्या व्याह्यांच्या आहेत म्हणून सांगा. व्याह्यांच्या वस्तूवर आपल्याकडे कुणी ओली छत्री ठेवत नाही.